स्कूल डिस्ट्रिक्टमधील विशेष शिक्षण विभाग : तो कसा चालतो आणि निर्णय कोण घेते?

अमेरिकेतील सार्वजनिक शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या बोलण्यात, वाचनात, लक्ष देण्यात किंवा वागण्यात काही अडचण जाणवू लागली, की मराठी पालक प्रथम वर्गशिक्षिकेकडे आणि नंतर मुख्याध्यापकांकडे जातात. महाराष्ट्रातील शाळांत वाढलेल्या पिढीला ते स्वाभाविकच वाटते; तेथे मुख्याध्यापकांचा शब्द बहुधा अखेरचा असे. येथे मात्र विशेष शिक्षणासंबंधीच्या अनेक गोष्टी शाळेच्या इमारतीबाहेर ठरतात. किती विशेष शिक्षक नेमायचे, स्पीच थेरपिस्टने आठवड्यातून कोणत्या शाळेत किती दिवस जायचे, स्वमग्न मुलांसाठीचा वर्ग कोणत्या इमारतीत भरवायचा, या सर्व बाबींची आखणी स्कूल डिस्ट्रिक्टच्या मध्यवर्ती कार्यालयात होते. त्या कार्यालयाची सूत्रे ज्यांच्या हाती असतात, ते म्हणजे विशेष शिक्षण विभागाचे संचालक.

या व्यवस्थेशी संबंध येणारी कुटुंबे थोडी नाहीत. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात देशभरात ३ ते २१ या वयोगटातील सुमारे ७५ लाख विद्यार्थी विशेष शिक्षणाच्या सेवा घेत होते. सार्वजनिक शाळांतील एकूण विद्यार्थ्यांच्या तुलनेत हे प्रमाण १५ टक्के, म्हणजे साधारण सात मुलांमागे एक, असे पडते. तरीही संचालकांचे नाव पालकांना ठाऊक होते ते बहुधा वाद विकोपाला गेल्यावरच.

या पदाचे स्वरूपच पेचाचे आहे. संचालकांना प्रत्येक मुलाच्या कायदेशीर हक्काची राखण करायची असते आणि त्याच वेळी डिस्ट्रिक्टने मंजूर केलेल्या मर्यादित रकमेत वर्षही निभावायचे असते. दोन डगरींवर पाय ठेवून चालवावा लागणारा हा कारभार आहे. मात्र दोहोंपैकी अग्रक्रम कशाला, याबाबत कायद्याने संदिग्धता ठेवलेली नाही : मुलाची गरज आधी आणि यंत्रणेची सोय नंतर. हा क्रम प्रत्यक्षात पाळला जातो की नाही, हे पालकांना तो ठाऊक असण्यावर बरेच अवलंबून असते.

कायद्याची पार्श्वभूमी

वंशाच्या आधारे मुलांना वेगळ्या शाळांत ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात दिला. त्याच तर्काचा आधार घेत अपंग मुलांचे पालक पुढे न्यायालयात गेले. पेनसिल्व्हेनियातील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकसंघटनेचा खटला आणि राजधानी वॉशिंग्टनमधील मिल्स खटला हे त्यांतील दोन महत्त्वाचे टप्पे. १९७२ च्या मिल्स निकालातील एक मुद्दा आजही स्मरणात ठेवण्याजोगा आहे. शाळांकडे पैसा अपुरा असला, तरी त्या टंचाईचा भार अपंग मुलांवर इतरांपेक्षा अधिक पडता कामा नये, असे न्यायालयाने बजावले.

पुढे संसदेने परिस्थितीचा आढावा घेतला, तेव्हा देशात अपंगत्व असलेली ८० लाखांहून अधिक मुले असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि सुमारे १० लाख मुले तर सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असे चित्र समोर आले. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १९९० मध्ये या कायद्याचे नाव बदलले आणि 'आयडिया' हे त्याचे संक्षिप्त रूप रूढ झाले. १९९७ आणि २००४ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या.

कायद्याचा गाभा थोडक्यात असा : प्रत्येक पात्र मुलाला विनामूल्य आणि त्याच्या गरजेनुरूप सार्वजनिक शिक्षण मिळावे; ते शक्य तितके सर्वसाधारण वर्गातील मुलांसोबत मिळावे; त्यासाठी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी शिक्षण-आराखडा, म्हणजे आयईपी, तयार व्हावा; आणि या प्रत्येक टप्प्यावर पालकांना सहभागाचा व दाद मागण्याचा हक्क असावा. कायद्यात अपंगत्वाचे १३ प्रवर्ग आहेत. त्यांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, वाचा व भाषादोष, बौद्धिक अक्षमता, दृष्टिदोष, श्रवणदोष आदींचा समावेश होतो. एडीएचडी हा स्वतंत्र प्रवर्ग नसला, तरी 'इतर आरोग्यविषयक दोष' या प्रवर्गात तो बसू शकतो.

आयईपीसाठी पात्र न ठरलेल्या मुलांना १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ नुसार परीक्षेत अधिक वेळ, बसण्याची विशिष्ट जागा अशा सोयी मिळू शकतात. या दोन्ही व्यवस्थांची गल्लत होऊ देऊ नये. ५०४ आराखड्यात प्रामुख्याने सोयी मिळतात. आयईपीमध्ये खास शिकवणी, मोजता येतील अशी उद्दिष्टे आणि अधिक भक्कम कायदेशीर संरक्षण मिळते.

कारभाराची रचना

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडील जिल्हा नव्हे. तो शाळांचा कारभार पाहणारा स्थानिक घटक असतो आणि देशात असे १३ हजारांहून अधिक घटक आहेत. न्यू जर्सीत एकेका टाउनशिपचा स्वतंत्र डिस्ट्रिक्ट असतो. मेरीलँडमध्ये संपूर्ण काउंटीचा एक. तर हवाईमध्ये अख्ख्या राज्याचा मिळून एकच. साहजिकच काही संचालकांच्या हाताखाली मोजकी माणसे असतात, तर काहींच्या हाताखाली शेकडो.

मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये संचालकांनंतर पर्यवेक्षक, त्यानंतर एकेका शाळेचे किंवा कार्यक्रमाचे समन्वयक आणि शेवटी प्रत्येक मुलाचे केस मॅनेजर अशी उतरंड असते. पालकांचा नित्याचा संबंध केस मॅनेजरशी येतो. नावे मात्र राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीत शाळा-मानसतज्ज्ञ, अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञ शिक्षिका आणि समाजकार्यकर्ते मिळून 'चाइल्ड स्टडी टीम' होते. टेक्सासमध्ये आयईपीच्या बैठकीला 'एआरडी' म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये हे काम विशेष शिक्षण समितीकडे असते. कॅलिफोर्नियात अनेक लहान डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन 'सेल्पा' नावाची प्रादेशिक व्यवस्था चालवतात, कारण श्रवणदोष असलेल्या चार मुलांसाठी एका लहान डिस्ट्रिक्टला स्वतंत्र वर्ग उभारणे परवडत नाही. नोकरी बदलून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कुटुंबांनी नव्या ठिकाणची ही परिभाषा पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावी.

मूल शोधून काढण्याची जबाबदारी

मदतीची गरज असलेली मुले हुडकून काढणे हे कायद्याने डिस्ट्रिक्टचेच काम आहे. या कर्तव्याला 'चाइल्ड फाइंड' म्हणतात. पालकांनी मागणी करेपर्यंत वाट पाहण्याची मुभा डिस्ट्रिक्टला नाही. हद्दीतील खासगी शाळांत शिकणारी मुले, सतत घर बदलणाऱ्या कुटुंबांतील मुले आणि परीक्षेत उत्तीर्ण होत असूनही अडखळणारी मुले, ही सर्व त्यात येतात.

हे कर्तव्य मोडीत निघाले तर काय होते, याचे ठळक उदाहरण टेक्सासमध्ये घडले. २००४ मध्ये राज्याच्या शिक्षण यंत्रणेने डिस्ट्रिक्टच्या कामगिरीवर देखरेख ठेवताना विशेष शिक्षणातील मुलांच्या प्रमाणासाठी ८.५ टक्के हा मापदंड लावला. त्यापेक्षा अधिक मुलांना सेवा देणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या कामगिरीवर बोट ठेवले जाऊ लागले. त्या वेळी राज्यातील प्रमाण सुमारे १२ टक्के होते. काही वर्षांत ते बरोबर साडेआठ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबले. राष्ट्रीय प्रमाण तेव्हा १३ टक्के होते. 'ह्यूस्टन क्रॉनिकल' या दैनिकाने २०१६ मध्ये शोधमालिका प्रसिद्ध करून हा प्रकार उघडकीस आणला. २०१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने असा मापदंड लावण्यास बंदी घातली आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने टेक्सासने कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष जाहीर केला.

ह्यूस्टन आणि डॅलस परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलेही याच काळात तेथील शाळांत शिकत होती. या प्रकरणाचा धडा असा, की कोणत्याही शाळेने पालकांना तोंडावर नकार दिलाच असेल असे नाही. 'अजून थोडे थांबून पाहू', 'आधी वर्गातच जादा मदत करून बघू' अशी सौम्य उत्तरेही हजारो मुलांना दाराबाहेर ठेवण्यास पुरेशी ठरतात. वर्गातील जादा मदतीचा प्रयोग चालू आहे, एवढ्या कारणावरून मूल्यमापन लांबणीवर टाकता येत नाही, हे केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ मध्येच राज्यांना लेखी कळवले होते.

मूल्यमापन आणि घरची मराठी

पालकांनी लेखी विनंती केल्यावर डिस्ट्रिक्टने एकतर मूल्यमापनास तयारी दाखवून संमतिपत्र पाठवायचे असते किंवा नकाराची कारणे लेखी कळवायची असतात. केंद्रीय नियमानुसार पालकांच्या संमतीनंतर ६० दिवसांत मूल्यमापन पूर्ण व्हावे लागते. राज्यांना मात्र स्वतःची मुदत ठरवता येते. कॅलिफोर्नियात ६० दिवस, टेक्सासमध्ये लेखी अहवालासाठी शाळेचे ४५ कामकाजाचे दिवस, तर न्यू जर्सीत मूल्यमापनापासून आयईपी अमलात येईपर्यंत सर्व मिळून ९० दिवस अशी गणना आहे. पात्रता ठरल्यावर ३० दिवसांत आयईपीची बैठक, दर वर्षी किमान एक आढावा आणि साधारणपणे दर ३ वर्षांनी पुनर्मूल्यमापन, हे केंद्रीय वेळापत्रक होय. या तारखा पाळल्या जात आहेत की नाहीत, याचा हिशेब डिस्ट्रिक्टला राज्याकडे आणि राज्याला केंद्राकडे द्यावा लागतो. म्हणूनच विनंती तोंडी न करता ईमेलने करावी. तारीख नोंदली गेली, की घड्याळ सुरू होते.

मराठी घरांतील मुलांच्या बाबतीत येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली चूक म्हणजे भाषेतील फरकाला दोष समजणे. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत आणि इंग्रजीतील 'व्ही' व 'डब्ल्यू' या दोन वेगळ्या ध्वनींसाठी आपल्याकडे एकच 'व' आहे. घरी मराठी बोलणाऱ्या बालकाने इंग्रजी वाक्यातील उपपद गाळले किंवा हे दोन उच्चार सारखेच केले, तर तो वाचादोष नव्हे. दुसरी चूक याच्या नेमकी उलट असते : 'घरी दुसरी भाषा बोलतात ना, म्हणून उशीर होत असेल' असे म्हणून खऱ्या अडचणीकडे काणाडोळा करणे. खरा भाषादोष केवळ इंग्रजीत दिसत नाही. तो मराठीतही दिसतो. आजीशी मराठीत बोलतानाही मूल शब्दांसाठी अडखळते का, साधी गोष्ट सलग सांगू शकते का, हे घरातील निरीक्षण तज्ज्ञांना अत्यंत मोलाचे असते आणि ते पालकच देऊ शकतात.

मूल्यमापन शक्य तितके मुलाच्या मातृभाषेत किंवा त्याला सर्वाधिक अवगत असलेल्या माध्यमात व्हावे, असा कायद्याचा दंडक आहे. केवळ इंग्रजी कच्चे आहे म्हणून कोणत्याही मुलाला अपंग ठरवता येत नाही. आयईपीच्या बैठकीत दुभाष्या मागण्याचा हक्क पालकांना आहे आणि त्याचा खर्च डिस्ट्रिक्टने करायचा असतो. मराठी जाणणारा तज्ज्ञ स्थानिक पातळीवर सहसा सापडत नाही. अशा वेळी तो बाहेरून उपलब्ध करण्याचे काम विशेष शिक्षण विभागाचे असते. त्यामुळे दुभाष्याची विनंती बैठकीच्या आदल्या दिवशी न करता पुरेशी आधी करावी.

भारतातून आणलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्राचे स्थानही समजून घ्यायला हवे. मुंबईतील शीव रुग्णालयासारख्या संस्थांनी दिलेल्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्रात मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. येथे असे प्रमाणपत्र डिस्ट्रिक्टने विचारात घ्यायला हवे, पण केवळ त्यावर पात्रता ठरत नाही. अडचणीचा मुलाच्या शिक्षणावर परिणाम होतो आणि त्यासाठी विशेष शिक्षणाची गरज आहे, हे येथील पथकाला ठरवावे लागते. याउलट, एका राज्यातील आयईपी घेऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलाला नवा डिस्ट्रिक्ट 'आधी तपासू, मग पाहू' असे सांगू शकत नाही. नवा आराखडा तयार होईपर्यंत पूर्वीच्याशी तुल्य अशा सेवा देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

व्हिसाविषयीची शंकाही येथेच दूर करावी. सार्वजनिक शाळेचे दार स्थलांतरित मुलांना बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या प्लायलर खटल्यात स्पष्ट केले आहे. एच-४ व्हिसावरील मुलाचा विशेष शिक्षणावरील हक्क नागरिकाच्या मुलाइतकाच असतो.

आयईपीच्या मेजावर डिस्ट्रिक्टची खुर्ची

आयईपीच्या पथकात पालक, किमान एक सर्वसाधारण शिक्षक, एक विशेष शिक्षक, मूल्यमापनाचा अर्थ सांगू शकणारी व्यक्ती आणि डिस्ट्रिक्टचा प्रतिनिधी असावा लागतो. शक्य तेथे मूल स्वतःही उपस्थित राहते. यांतील डिस्ट्रिक्टच्या प्रतिनिधीची खुर्ची ही सर्वाधिक दुर्लक्षित आणि तितकीच महत्त्वाची. ती कधी संचालक स्वतः, कधी पर्यवेक्षक, तर कधी उपमुख्याध्यापक भूषवतात. या व्यक्तीला विशेष शिक्षणाची, सर्वसाधारण अभ्यासक्रमाची आणि डिस्ट्रिक्टकडे उपलब्ध असलेल्या साधनांची जाण हवी, असे नियम सांगतो. बैठकीत जे ठरेल ते प्रत्यक्षात दिले जाईल, याची हमी देण्याइतका अधिकार तिच्याकडे असावा, ही केंद्रीय खात्याची अपेक्षा आहे. म्हणून बैठकीच्या आरंभीच 'आज डिस्ट्रिक्टचे प्रतिनिधी कोण आहेत?' असे विचारणे उद्धटपणाचे नव्हे. ते व्यवहारज्ञान आहे.

संचालकांच्या अधिकाराची सीमाही येथेच स्पष्ट होते. मुलाला काय हवे, हे संचालक एकट्याने ठरवू शकत नाहीत. ते पथकाने, पालकांसह, मेजावर ठरवायचे असते. आधीच निर्णय घेऊन बैठक हा केवळ उपचार म्हणून उरकणे कायद्याला मान्य नाही. टेनेसीतील हॅमिल्टन काउंटीच्या प्रकरणात केंद्रीय अपील न्यायालयाने २००४ मध्ये हेच सांगितले. स्वमग्न मुलांसाठीची एक विशिष्ट उपचारपद्धती द्यायचीच नाही, असे त्या डिस्ट्रिक्टचे अलिखित धोरण होते. त्यामुळे पालकांचा सहभाग नाममात्र ठरला आणि कायद्याचा भंग झाला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. 'आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ही सेवा देत नाहीत' हे उत्तर म्हणूनच अपुरे असते. 'या मुलाला तिची गरज आहे की नाही, आणि नसल्यास कशावरून?' हा खरा प्रश्न होय.

किती प्रगती पुरेशी मानायची, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दोन टप्प्यांत दिले. १९८२ च्या राउली खटल्यात एका कर्णबधिर विद्यार्थिनीच्या संदर्भात न्यायालयाने सर्वोत्तम शिक्षणाची नव्हे, तर उपयुक्त शिक्षणाची हमी मान्य केली. २०१७ मध्ये कोलोरॅडोतील एका स्वमग्न मुलाच्या एंड्रू एफ. खटल्यात एकमताने निकाल देताना न्यायालय पुढे गेले. नाममात्र प्रगती पुरेशी नाही. मुलाची परिस्थिती लक्षात घेता त्याला साजेशी प्रगती साधेल, असा आराखडा हवा, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले. दर वर्षी तीच उद्दिष्टे नव्या तारखेने छापून येत असतील, तर पालकांनी या निकालाची आठवण करून द्यावी.

माणसे, वर्ग आणि पैसा

कागदावरील आयईपी वर्गात उतरवणे हे संचालकांचे वर्षभराचे काम. आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे स्पीच थेरपी, हे एका मुलाच्या आराखड्यातील एक वाक्य असते. अशी शेकडो वाक्ये जुळवून वेळापत्रक बसवावे लागते. विशेष शिक्षकांची, थेरपिस्टची आणि वर्गातील साहाय्यकांची टंचाई जवळपास सर्वत्र आहे. काही राज्यांत एका शिक्षकाकडे किती मुले असावीत, यालाही मर्यादा आहे. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात रिसोर्स स्पेशालिस्ट शिक्षकाकडे २८ पेक्षा अधिक मुले देता येत नाहीत. एक शिक्षिका मध्येच नोकरी सोडून गेली, तरी आयईपीतील तासांचे बंधन कायम राहते. बुडालेल्या तासांची भरपाई मागण्याचा पालकांना हक्क आहे. त्यासाठी कोणती सत्रे झाली आणि कोणती बुडाली, याची नोंद घरी ठेवावी.

वर्गाची निवड हाही कळीचा विषय. कायद्याचा कल सर्वसाधारण वर्गाकडे आहे. पूरक साहाय्य देऊनही तेथे समाधानकारक शिक्षण होत नसेल, तरच मुलाला त्या वर्गातून दूर करता येते. आज विशेष शिक्षणातील सुमारे दोन तृतीयांश शालेय विद्यार्थी दिवसाचा ८० टक्के किंवा अधिक वेळ सर्वसाधारण वर्गात घालवतात. परंतु सर्वसाधारण वर्गाबरोबरच स्वतंत्र वर्ग, स्वतंत्र शाळा, निवासी शाळा असे सर्व पर्याय उपलब्ध ठेवणेही डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. स्वतःकडे योग्य वर्ग नसल्यास दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये किंवा मान्यताप्राप्त खासगी शाळेत डिस्ट्रिक्टच्या खर्चाने मुलाला पाठवावे लागते.

या खर्चामुळेच संचालकांवर सर्वाधिक ताण येतो. १९७५ मध्ये संसदेने प्रत्येक विद्यार्थ्यावरील राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्रीय मदतीची मर्यादा ठरवली होती. ती कधीही पूर्ण गाठली गेलेली नाही. प्रत्यक्ष मदत अलीकडे १५ टक्क्यांच्याही खाली राहिली आहे. उरलेला भार राज्यांवर आणि स्थानिक मालमत्ता करावर पडतो. त्याच वेळी विशेष शिक्षणावरील स्थानिक खर्च, काही अपवाद वगळता, मागील पातळीखाली आणता येत नाही, असाही नियम आहे. तथापि पैशाची ही अडचण मुलाच्या हक्काला छेद देऊ शकत नाही. १९९९ च्या गॅरेट एफ. खटल्यात आयोवातील सीडर रॅपिड्स डिस्ट्रिक्टने कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या विद्यार्थ्यासाठी दिवसभर परिचारिका ठेवण्याचा खर्च झेपणार नाही, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला.

मतभेद झाल्यास

कायद्याने दाद मागण्याच्या अनेक पायऱ्या दिल्या आहेत आणि त्या खालून वर चढणेच बहुधा श्रेयस्कर. केस मॅनेजरकडून उत्तर न मिळाल्यास पर्यवेक्षक व संचालकांशी लेखी संपर्क साधावा. डिस्ट्रिक्टचे मूल्यमापन पटत नसल्यास त्याच्याच खर्चाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून मूल्यमापन मागता येते. ते नाकारायचे असल्यास डिस्ट्रिक्टला सुनावणीत आपले मूल्यमापन योग्य असल्याचे सिद्ध करावे लागते. त्यानंतर मध्यस्थी हा ऐच्छिक आणि विनाखर्च मार्ग आहे. राज्याच्या शिक्षण खात्याकडे लेखी तक्रार केल्यास ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. मात्र तक्रारीतील घटना एका वर्षाच्या आतील असावी लागते.

शेवटची पायरी म्हणजे 'ड्यू प्रोसेस' सुनावणी. तिची मुदत साधारणपणे २ वर्षांची असते. पालकांनी अर्ज दिल्यावर १५ दिवसांत समेटाची बैठक बोलावणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे आणि तेथे बरीच प्रकरणे संचालकांच्या उपस्थितीत मिटू शकतात. सुनावणीत बाजू सिद्ध करण्याची जबाबदारी दाद मागणाऱ्यावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले. न्यू जर्सीने मात्र २००८ मध्ये कायदा करून ती डिस्ट्रिक्टवर टाकली. वाद चालू असेपर्यंत मुलाला सध्याच्याच वर्गात आणि सेवांत ठेवावे लागते.

स्वाक्षरीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रथमच सेवा सुरू करण्यासाठी पालकांची लेखी संमती लागतेच. पुढील बदलांसाठी ती सर्व राज्यांत लागतेच असे नाही. न्यू जर्सीत प्रस्तावित बदलाची सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत पालकांनी मध्यस्थी किंवा सुनावणी मागितली नाही, तर तो बदल लागू होऊ शकतो. 'सही केली नाही, म्हणजे काही होणार नाही' हा समज तेथे महागात पडतो.

तीन वर्षांपूर्वी आणि शाळेनंतर

या व्यवस्थेत दोन उंबरठे विशेष जपायला हवेत. जन्मापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंत मुलाला 'अर्ली इंटरव्हेन्शन'च्या सेवा राज्याच्या वेगळ्या यंत्रणेकडून मिळतात. तिसऱ्या वाढदिवसाला ती जबाबदारी डिस्ट्रिक्टकडे येते आणि पात्र मुलाचा आराखडा त्या दिवसापर्यंत तयार असावा लागतो. 'याचा मामाही उशिरा बोलायला लागला होता' या घरगुती दिलाशात नेमकी हीच मौल्यवान वर्षे हातची निसटतात. वडीलधाऱ्यांचा दिलासा मायेपोटी असतो. मूल्यमापन करून घेतल्याने त्या मायेला बाध येत नाही.

दुसरा उंबरठा शाळा संपतानाचा. वयाच्या १६ व्या वर्षापासून, काही राज्यांत १४ पासून, आयईपीमध्ये पुढील शिक्षण, नोकरी आणि स्वतंत्र जीवनाची तयारी नोंदवावी लागते. नियमित हायस्कूल पदविका स्वीकारली, की आयडियाखालील हक्क संपतो. म्हणून पदवीदान समारंभाचा आग्रह धरण्यापूर्वी मुलाची तयारी खरोखर पूर्ण झाली आहे का, हे पाहणे अगत्याचे. बहुतेक राज्यांत १८ व्या वर्षी निर्णयाचे हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातात, याचीही कल्पना आधीच असावी.

सध्याची अनिश्चितता आणि पालकांची तयारी

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केंद्रीय शिक्षण खाते बंद करण्याच्या दिशेने आदेश काढल्यापासून अनेक पालक धास्तावले आहेत. येथे खाते आणि कायदा यांत भेद करायला हवा. विशेष शिक्षणाचा कायदा १९७५ चा. केंद्रीय शिक्षण खात्याची स्थापना त्यानंतर, १९७९ च्या कायद्याने झाली. खात्याचे काहीही झाले, तरी संसदेने कायदा बदलल्याशिवाय मुलाचा हक्क संपुष्टात येत नाही. देखरेख सैल होण्याची भीती मात्र अनाठायी नाही. वरून पाहणारे डोळे कमी झाले, तर राज्याचे खाते, स्थानिक संचालक आणि जागरूक पालक यांच्यावरील भिस्त वाढते.

यासाठी पालकांनी वकील होण्याची गरज नाही. आपल्या डिस्ट्रिक्टच्या विशेष शिक्षण संचालकांचे नाव व ईमेल संकेतस्थळावरून शोधून ठेवावे. प्रत्येक मागणी लेखी करावी आणि नकारही लेखी मागावा. प्रस्ताव स्वीकारताना किंवा फेटाळताना कारणे देणारी लेखी सूचना देणे कायद्यानेच डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. बैठकीपूर्वी अहवालांच्या प्रती मागून घ्याव्यात. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये विशेष शिक्षणाचा पालकगट असतो आणि प्रत्येक राज्यात केंद्रीय निधीतून चालणारे पालक मार्गदर्शन केंद्र असते. तेथील सल्ल्यासाठी पैसे लागत नाहीत. स्कूल बोर्डाच्या अंदाजपत्रकाच्या सभेत तर कोणालाही बोलता येते. विशेष शिक्षणासाठी अधिक मनुष्यबळ हवे, ही मागणी संचालकांनी केली तर तो खर्चाचा प्रस्ताव ठरतो. करदात्या पालकांनी केली तर ती गावाची मागणी होते. अनेक संचालकांना अशा पाठबळाची गरज असते.

मराठी कुटुंबांत अजूनही हा विषय चारचौघांत काढायला संकोच वाटतो. मुलाला 'शिक्का' बसेल, या भीतीने वर्षे वाया जातात. वस्तुतः आयईपी हा गोपनीय दस्तऐवज आहे. पालकांच्या परवानगीशिवाय तो महाविद्यालयाला किंवा मालकाला पाठवला जात नाही. सात मुलांमागे एकाला लागणारी मदत मागण्यात कमीपणा कसला? न मागता सरलेली वर्षे मात्र कोणताही संचालक परत देऊ शकत नाही.